मधुमेह असलेल्या आईने आहारतज्ज्ञाकडे एकटीने जावं की महिलांच्या गटात?

तुम्ही लिहिलंय की आईचं एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची एक तपासणी) ८.४ आलंय, डॉक्टरांनी महिलांच्या आहारगटात जायला सांगितलंय आणि ती म्हणते, "चार बायकांसमोर माझं जेवण कशाला सांगू?"

तिला नक्की पाठवा. मी आहारतज्ज्ञ आहे, साताऱ्यात दर गुरुवारी दहा-बारा जणींचा असा गट घेते. एकटी भेटायला आलेली बाई मला सांगते, "दोन पोळ्या, भाजी, वरण, थोडा भात." ते खोटं नसतं, पण तिने ताटात वाढून घेतलेलं तेवढंच असतं. सगळ्यांची जेवणं झाल्यावर पातेल्यातला उरलेला भात, नातवाने टाकलेली अर्धी पोळी हे तिच्या हिशेबातच नसतं. गटात एकजण म्हणाली, "मला अन्न टाकवत नाही हो," आणि निम्म्या जणींनी माना हलवल्या. तिथून पुढे खऱ्या जेवणावर बोलणं सुरू झालं. तांदूळ धुण्याआधी माणशी वाटीने मोजायचे, हा उपाय त्यांच्यातल्याच एकीने सुचवला आणि तो घरोघरी टिकला. मी कागदावर लिहून दिलेले तक्ते इतके टिकत नाहीत.

उपवासाचंही तसंच. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८५ ग्रॅमच्या वर कर्बोदकं असतात, प्रथिनं जवळजवळ नसतातच. मी हे सांगितलं तर "एकादशी कशी मोडू?" असं उत्तर येतं. पण एकीने खिचडीनंतर दोन तासांनी घरच्या यंत्रावर तपासलेली साखर वाचून दाखवली, तेव्हा बाकीच्यांनी आपणहून विचारलं, मग खायचं काय? थोडी भगर, सोबत ताक आणि काकडीची कोशिंबीर, यावर आम्ही आलो. ज्वारीची भाकरी कितीही चालते हा समजही असाच गेला: एका मोठ्या भाकरीत दोन-तीन फुलक्यांचं पीठ असतं.

एक गोष्ट मात्र गटावर सोडू नका. आई ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन घेत असेल, तर उपवासाच्या दिवशी डोस किती, हे डॉक्टरांनाच विचारा. घाम, थरथर, एकदम गळून जाणं, अशा वेळी रक्तातली साखर ७०च्या खाली असू शकते. तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आहार स्वतंत्रपणेच ठरवून घ्या.

पन्नास जणी बसवून पडद्यावर चित्रं दाखवत असतील तर ते भाषण झालं. आईला बोलायला मिळतंय ना, ते बघा. आणि एचबीए१सी मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगतं, म्हणून तिला तीन महिने तरी गटात जाऊ द्या.

पहिल्या दिवशी तिच्यासोबत घरातली रोजची वाटी द्या. मी "एक वाटी भात" म्हणते तेव्हा माझ्या डोक्यात दीडशे मिलीची वाटी असते. तुमच्याकडची कदाचित तिच्या दुप्पट असेल.