वडील कोरोनात हॉस्पिटलमध्ये होते. त्याबद्दल अजूनही काही बोलत नाहीत. तिथे रुग्णाला नेमकं काय वाटत असतं?

दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, मी पुण्यात ॲडमिट होतो. तुमच्या वडिलांच्या मनातलं मला कसं कळणार, पण आमच्या वॉर्डात काय चालायचं ते सांगतो.

मरणाची भीती होतीच. पण दिवसभर डोक्यात असायचा तो ऑक्सिजनचा आकडा. ९४ दिसला की जेवण जायचं, ८९ झाला की घास फिरायचा. शेजारच्या बेडवरचे काका तर स्वतःचा सोडून माझाच मॉनिटर बघत बसायचे!

सगळ्यात अवघड काय, तर घरच्यांचा व्हिडिओ कॉल. कॉल आला की मी ऑक्सिजनचा मास्क काढायचो, केसांवरून हात फिरवायचो आणि "एकदम ठणठणीत" म्हणायचो. फोन ठेवेपर्यंत मॉनिटर बोंबलायला लागायचा आणि सिस्टर झापायच्या. बहुतेक जण हेच करत होते. तिकडे घरचे रेमडेसिवीरच्या इंजेक्शनसाठी वणवण करत होते, तेही आम्हाला सांगत नव्हते. एकदा असं दडवायची सवय लागली की घरी आल्यावरही ती सुटत नाही.

आणखी एक. तेव्हा शहरात बेड मिळत नव्हता. मेव्हण्याने रात्रभर फोन केले, पहाटे कळलं की एक रिकामा झालाय. कसा रिकामा झाला, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. त्याच गादीवर पडून मात्र दुसरं काही सुचायचं नाही. बायकोला हे सांगायला मला फार काळ लागला.

त्यात स्टेरॉइड. डेक्सामेथासोनने झोप उडू शकते, चिडचिड होते. आयसीयूत दिवस-रात्र कळेनासे होतात, काहींना भास होतात, माणूस नळ्या उपटतो, नको ते बोलतो. वडिलांचं तसं काही झालं असेल, तर गप्प बसण्यामागे लाजही असू शकते.

म्हणून "तेव्हा कसं वाटत होतं?" असं थेट विचारू नका. शेजारी कोण होतं, नाश्त्याला काय द्यायचे, असलं विचारा. माझी गाडी तिथल्या गिचगिचीत उपम्यापासूनच सुरू झाली. रात्री दचकून उठत असतील, झोप नसेल, तर मात्र मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. पुण्यात ससून या सरकारी रुग्णालयात तो विभाग आहे. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीतही बोलता येतं, पैसे पडत नाहीत.