वाचक विचारतात : तोच खड्डा, तीच जागा

प्रश्न : आमच्या सोसायटीचा आतला रस्ता डांबरी आहे. दरवर्षी मे महिन्यात ठेकेदार खड्डे भरतो आणि जुलैत नेमके तेच खड्डे उघडतात. माल हलका असतो का?
– सेक्रेटरी, कांदिवली

माल हलका असेलही, पण खड्डा दरवर्षी एकाच जागी पडतो म्हणजे तिथे पाणी मुरतंय. डांबराखालचा खडीचा थर भिजला की चाकाखाली तो दबत-उचलत राहतो. मग वरचा थर जाळीसारखा तडकतो, तड्यांतून आणखी पाणी शिरतं आणि खडीवरचं डांबर सुटायला लागतं. जोराची सर थांबल्यावर तासाभराने रस्त्यावरून फिरा आणि तळं उरलं असेल तिथे ऑइलपेंटने खूण करा. रस्त्याला मधून कडेकडे मीटरमागे अडीच सेंटिमीटर उतार हवा. आपल्याकडे थरावर थर चढवून रस्ता इतका उंच झालेला असतो की चेंबरची जाळी खड्ड्यात आणि बिल्डिंगचा जोता रस्त्याखाली. अशा ठिकाणी नवा थर टाकण्याआधी जुना खरवडून काढावा लागतो. आणि फेब्रुवारीतही ती जागा ओलसर दिसत असेल, तर डांबरवाल्याच्या आधी प्लंबरला बोलवा. खाली पाण्याची लाइन गळत असणार.

आता भरण्याबद्दल. झाडूने धूळ उडवायची, माल ओतायचा आणि ट्रकचं चाक फिरवायचं, ही मुंबईतली सर्वांत लाडकी पद्धत. ती टिकत नाही. तडकलेला भाग संपून घट्ट डांबर लागेल तिथपर्यंत कटरने चौकोन कापून घ्या, कडा उभ्या ठेवा. निमुळती कड राहिली की तिथला पातळ थर टवके धरून निघतो. आतली मोकळी खडी आणि चिखल काढा. तळ लिबलिबीत असेल तर तोही उकरून खडी-ग्रिट भरून कुटून घ्या. मग तळाला आणि चारही कडांना इमल्शनचा, म्हणजे पाण्यात मिसळलेल्या पातळ डांबराचा, टॅक कोट मारा. जुन्या-नव्याला चिकटवणारा हा हात. प्रमाण चौरस मीटरला 200 ते 300 ग्रॅम. इमल्शन तपकिरी दिसतंय तोवर थांबायचं, काळं झालं की माल टाकायचा. ‘थोडं जास्त ओतू, चिकटेल चांगलं’ हा हिशेब उलटा पडतो: जास्तीचं डांबर वर येतं आणि पॅच सरकतो.

व्हीजी-30 (रस्त्याच्या डांबराची एक प्रत) डांबराचा हॉट मिक्स, म्हणजे प्लांटमध्ये गरम डांबरात घोळलेली खडी, टाकताना किमान 140 अंश सेल्सिअस असावा आणि 90 च्या खाली जाण्याआधी रोलिंग आटोपावं. प्लांटवरून निघालेली गाडी हायवेवर अडकली, वर ताडपत्रीही नाही, तर माल दारातच थंड झालेला असतो. थंड माल दबत नाही, त्यात पोकळ्या राहतात आणि पाऊस त्याच पोकळ्यांतून आत जातो. म्हणून थर्मामीटर सोसायटीचाच ठेवा. ठेकेदार नाक मुरडेल, मुरडू दे. खोली 75 मिलिमीटरहून जास्त असेल तर दोन थर करा. प्लेट कॉम्पॅक्टर (थरथरत्या पत्र्याने माल दाबणारं यंत्र) आधी कडांवर, मग मध्ये. भरलेला भाग आजूबाजूपेक्षा पाचेक मिलिमीटर उंच ठेवा, गाड्यांनी तो बसतो. शेवटी जोडावर इमल्शन आणि त्यावर बारीक रेती. बिल तपासताना एवढं लक्षात ठेवा: एक चौरस मीटर खड्डा, 50 मिलिमीटर खोल, म्हणजे दाबल्यानंतर साधारण 115 किलो माल.

हे काम दिवाळीनंतर ते मार्चपर्यंत करावं. मे अखेरीस सगळीकडेच घाई असते आणि घाईत तळ कुणी सुकवत नाही. भर पावसात पाणी उपसून कोल्ड मिक्स, म्हणजे गरम न करता टाकायचा डांबरी माल, भरा, पण ती तात्पुरती सोय. मास्टिक, म्हणजे गरम असताना ओतायचा दाट डांबरी माल, पाणी आत जाऊ देत नाही आणि त्याला रोलरही लागत नाही. मात्र ते 170 ते 200 अंशांचं असतं, ओल्या तळावर पडलं की वाफेचे फुगे धरतं. तेव्हा त्यालाही उघडीप हवीच.

प्रश्न : काँक्रीटच्या रस्त्याला काही करावं लागत नाही असं ऐकलं होतं. आमच्या गल्लीत सांध्यांतलं काळं रबर निघून गवत उगवलंय. डांबर ओतून चालेल का?
– एक वाचक, मुलुंड

नाही. साधं डांबर उन्हाळ्यात मऊ होऊन टायरला चिकटून निघतं. सांधा उघडा राहिला तर पाणी स्लॅबखाली जाऊन माती वाहून नेतं आणि कोपरे तुटतात. शिवाय सांध्यात खडे अडकले की उन्हात स्लॅब फुगताना कडा फुटतात. जुनं सील खरवडून 8 ते 10 मिलिमीटर रुंद स्वच्छ खाच करा, हवेच्या झोताने धूळ काढा आणि पूर्ण सुकू द्या. आत सांध्याहून किंचित जाड फोमची दोरी दाबून वर पॉलिसल्फाइड किंवा सिलिकॉन (रबरासारखी लवचिक सीलं) भरा, पृष्ठभागापेक्षा थोडं खाली. दोरी गाळू नका. तिच्यामुळे सील फक्त दोन्ही बाजूंना चिकटतं. तळालाही चिकटलं तर ताणलं जाऊन फाटतं. गाडी गेल्यावर सांध्यातून गढूळ पाणी उडत असेल, तर आधी स्लॅबखालची पोकळी ग्राउटने (सिमेंटच्या पातळ मिश्रणाने) भरून घ्या, सील नंतर.

प्रश्न : पार्किंगमधले पेव्हर ब्लॉक चाकांच्या रेषेत खचलेत. नवे घ्यावेत का?
– दादर

ब्लॉक फुटले नसतील तर तेच वापरा. दोष बहुधा खाली असतो: खडीचा थर नीट न कुटता खोलगटपणा रेतीने भरून काढलेला. रेती 20 ते 40 मिलिमीटरच हवी, चढ-उतार खडीतच काढायचा. फक्त गाड्या असतील तर 60 मिलिमीटरचा ब्लॉक चालतो. पाण्याचा टँकर येत असेल तर 80 चा घ्या. कडेला कर्ब (ब्लॉक धरून ठेवणारी काठाची पट्टी) पक्का नसेल तर सगळी रांग बाहेर सरकते. सांध्यांत कोरडी बारीक रेती भरा, आणि वॉचमनला पाइपच्या जोरदार धारेने ब्लॉक धुऊ देऊ नका. तीच रेती वाहून जाते.

प्रश्न : जनरेटरजवळ डिझेल सांडून डांबर मऊ पडलंय.
– चेंबूर

डिझेलमध्ये डांबर विरघळतं. ताजं असेल तर लाकडाचा भुसा टाकून लगेच टिपून घ्या. टोकदार पट्टीने खडी उकरता येत असेल तर तेवढा भाग कापूनच काढावा लागेल. डिझेल भरण्याच्या त्या जागी पुन्हा डांबर नको, काँक्रीट करा.