वडील पक्षात, मुलगा एमपीएससीला, जमेल का?

ताई, तुमचं पत्र मिळालं. मुलाला नायब तहसीलदार व्हायचंय, अभ्यास जोरात चालूय, पण मिस्टर एका पक्षाचे तालुका पदाधिकारी, आणि मुलगाही मागच्या इलेक्शनला त्यांच्याबरोबर प्रचाराला फिरला, गमछा घातलेले फोटो फेसबुकवर आहेत. मग याचं सिलेक्शन अडेल का, मिस्टरांनी पद सोडावं का, असं तुम्ही विचारलंय.

पद सोडायची गरज नाही. बंधन नोकरी करणाऱ्यावर असतं, त्याच्या वडलांवर नाही. आणि आधीचं म्हणाल तर मध्य प्रदेशातल्या एका शिक्षकाची केस आहे, हा पूर्वी संघ-जनसंघाच्या कामात होता असा पोलिसांचा रिपोर्ट आला म्हणून सरकारी नोकरीतून काढला होता, आणि १९८३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नोकरीआधीच्या राजकीय मतांवरून असं काढता येणार नाही. फक्त आंदोलनात वगैरे एखादा गुन्हा दाखल असेल तर फॉर्ममध्ये लपवू नका, गुन्हा छोटा असतो आणि लपवणं महागात पडतं.

जॉइन झाल्यावर मात्र सगळं बदलतं. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचे वर्तणूक नियम १९७९ चे आहेत, पक्षाचं सदस्यत्व नाही, देणगी नाही, प्रचार नाही, मत द्यायचं पण कुणाला दिलं ते दिसू द्यायचं नाही, गाडीला चिन्ह लावलं तरी तो प्रचारच. व्हॉट्सॅपचं स्टेटस यातून सुटतं असं पोरांना वाटतं, नाही सुटत. आणि बूथवर माणूस कमी पडला म्हणून वडलांनी पोलिंग एजंट म्हणून बसवला तर तो सरळ गुन्हा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

आता मुलासाठी लिहितो, त्याला वाचायला द्या. बरीच पोरं मला छातीठोकपणे सांगतात, सर मी पक्षवाल्यांना केबिनमध्येच घेणार नाही. अरे मग लोकांची कामं घेऊन येणार कोण? रेशन कार्ड, पंचनामे, निराधारांचे पगार, हे सगळं घेऊन कार्यकर्तेच येतात, त्यांना खुर्ची द्यायची, निवेदन घ्यायचं, पोच द्यायची, फक्त सत्तेतल्याला चहा आणि विरोधकाला बाकावर दोन तास असं करायचं नाही. मी नोकरीत होतो तेव्हा एकाच मैदानासाठी दोन पक्षांचे अर्ज आले, छोट्या पक्षाचा आधी, सत्तेतल्यांचा तासाभराने, आणि लगेच वरून फोन. मी आवक रजिस्टर पुढे ठेवलं, अर्जांवर वेळ होती, आधी आला त्याला मैदान मिळालं. पुढे वर्षभर त्या पुढाऱ्याने माझा नमस्कार घेतला नाही, पण लेखी तक्रार करायला त्याच्याकडे काही नव्हतं.

फोनवरच्या आदेशाचं तेच, टिपणीत लिहायचं की अमुक वेळी दूरध्वनीवर अशी सूचना मिळाली, कृपया लेखी कळवावे. २०१३ ला सुप्रीम कोर्टानेही तोंडी आदेशांची नोंद ठेवायला सांगितलीय. बऱ्याचदा ते लेखी येतच नाही. बदली होईल का? होऊ शकते, बदल्यांच्या २००५ च्या कायद्यात एका जागी साधारण तीन वर्षांचा कालावधी असला तरी अपवादाची वाट ठेवलेलीच आहे, ते धरूनच या नोकरीत यावं.

मला खरी काळजी मिस्टरांच्या मोबाईलची वाटते. मुलगा अधिकारी झाला की तालुका तुमच्या ओट्यावर येऊन बसणार, "जरा साहेबांच्या कानावर घाला" म्हणणार, आणि त्यांना नाही म्हणणं जड जाणार. त्यांनी एकदा जरी त्याच्या ऑफिसला फोन केला तरी मुलाचा प्रत्येक खरा निर्णयही पक्षाचा ठरणार. मुलाच्या बदलीसाठी त्यांनी मंत्र्यांकडे शब्द टाकला तर तेही मुलाच्याच अंगावर येतं, कारण वरिष्ठांवर राजकीय दबाव आणणं नियमांत मना आहे. उद्या मिस्टर स्वतः उभे राहिले तर मुलाने निवडणुकीच्या कामाआधी ते लेखी कळवायचं, लपवायचं नाही.

फोटो राहू द्या. पण मुलगा पक्षाचा मेंबर असेल तर जॉइनिंगच्या आधी लेखी राजीनामा द्यायला लावा आणि पोच जपून ठेवा. आता तालुक्याला पोच द्यायची म्हणजे सही मिस्टरांचीच लागणार, तेवढं त्यांच्याकडून करून घ्या.