वाचकांचे प्रश्न : गोळ्या चालू असताना दारू

प्रश्न : यांना वर्षभरापासून मानसिक आजाराच्या गोळ्या चालू आहेत. रात्री ओलान्झापिन १० आणि क्लोनाझेपाम ०.५. आठवड्यातून दोन-तीनदा पिऊन येतात. "दारूवर गोळी चढते" असं गावात सगळेच म्हणतात, म्हणून त्या रात्री मी गोळ्या देत नाही. पोळ्याला तर सलग तीन दिवस राहून गेल्या आणि यांना पुन्हा आवाज ऐकू यायला लागले. गोळ्या द्यायच्या की नाही?
— एक भगिनी, दारव्हा तालुका

उत्तर : गावात म्हणतात ते अर्धं खरं आहे. चढते ती मुख्यतः क्लोनाझेपाम. मेंदूला शांत करणाऱ्या ज्या यंत्रणेवर ही गोळी काम करते, तिच्यावरच दारूही काम करते. दोन्ही एकत्र आल्या की झोप गाढ होत जाते, श्वास मंदावतो आणि झोपेत उलटी झाली तर ती श्वासनळीत उतरते. अल्प्राझोलाम, लोराझेपाम, डायझेपाम याच जातीच्या गोळ्या. ओलान्झापिनची गोष्ट थोडी वेगळी. तिनेही गुंगी वाढते, पण जास्त त्रास होतो तो उठताना रक्तदाब उतरण्याचा. रात्री लघवीला उठलेला माणूस अंगणात आपटतो, तो बहुधा यामुळेच.

आता दुसरी बाजू. क्लोनाझेपाम शरीरातून निम्मी उतरायला साधारण ३० ते ४० तास लागतात, ओलान्झापिनला सुमारे ३० तास. म्हणजे आजची गोळी टाळली तरी कालची अंगात आहेच. एक दिवस गोळी चुकवून दारू निर्धोक होत नाही, आजार मात्र वर डोकं काढतो. पोळ्याला तुमच्याकडे तेच झालं. शिवाय वर्षभर घेतलेली क्लोनाझेपाम सलग काही दिवस अचानक तुटली तर फिटचा झटका येऊ शकतो. "सकाळी गोळी, संध्याकाळी दारू" हा अनेकांचा हिशोबही याच कारणाने फसतो.

ते पिऊन आले तर त्या रात्री वरून क्लोनाझेपाम देऊ नका. ओलान्झापिनचं काय करायचं ते डॉक्टरांकडून आधीच चिठ्ठीवर लिहून घ्या, कारण ते किती पितात, यकृत कसं आहे, यावर ते ठरतं. पुढची गोळी पुढच्या ठरल्या वेळी द्या. राहिलेली भरून काढायला दोन एकदम नकोत. उताणं झोपवू नका. कुशीवर वळवा, वरचा पाय गुडघ्यात दुमडून पुढे ठेवा, म्हणजे ते पुन्हा उताणे होणार नाहीत. ताक, लिंबूपाणी पाजून उतरवायला जाऊ नका, बोट घालून उलटीही काढू नका. अर्धवट शुद्धीतल्या माणसाचा जीव यातच जातो. हाक मारून, चिमटा घेऊनही उठत नसतील, श्वास मिनिटाला आठ-दहाच्या खाली गेला असेल, घशात घरघर असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील तर सकाळची वाट न पाहता १०८ला फोन करा आणि गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.

आणखी एक, न विचारलेलं. फवारणीचं औषध घरात असेल तर ते कुलपात ठेवा आणि किल्ली तुमच्याकडे. आजारात मन आधीच खचलेलं असतं, दारूने उरलासुरला आवर सुटतो.

प्रश्न : वय २६. मनाच्या चढउतारावरच्या लिथियम ३००च्या तीन गोळ्या रोज घेतो. दारूला हात लावत नाही, फक्त उन्हाळ्यात लग्नसराईत बिअर होते. बिअर तर थंड असते, तिने काय होणार?
— एक वाचक, वरूड तालुका

उत्तर : ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीच्या एका बाटलीत सुमारे ४१ ग्रॅम अल्कोहोल असतं. व्हिस्कीचे ३० मिलीचे चार पेग घेतले तरी एवढंच भरतं.

तुमच्या बाबतीत त्याहून मोठी अडचण पाण्याची आहे. बिअरने लघवी जास्त होते, आपल्याकडे मे महिन्यात घाम तर पाझरतच असतो. शरीरातलं पाणी आणि मीठ घटलं की मूत्रपिंड लिथियम बाहेर टाकायचं सोडून धरून ठेवतं, आणि तीनच गोळ्या घेऊनही रक्तातलं प्रमाण चढतं. ते साधारण ०.६ ते १.०च्या दरम्यान हवं, १.५च्या वर गेलं की विषबाधा सुरू होते. हात जोरात थरथरणं, उलटी, जुलाब, जीभ जड होणं, चालताना तोल जाणं ही तिची लक्षणं. बघणाऱ्याला वाटतं, चढली आहे. घोटाळा इथेच होतो : विषबाधा झालेला माणूस मांडवामागे झोपवून ठेवतात. अशी लक्षणं दिसली तर पुढची गोळी थांबवून लगेच जिल्हा रुग्णालय गाठा.

दुसऱ्या दिवशी अंग दुखतं म्हणून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन घेऊ नका, त्यानेही लिथियम चढतं. रक्ततपासणी शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी करायची असते. सकाळची गोळी खाऊन रक्त दिलं तर आकडा खोटा येतो.

प्रश्न : पोराची दारू सुटावी म्हणून बाजारातून एक पावडर आणली आहे. वरणात मिसळून द्यायची, त्याला कळू द्यायचं नाही, असं विकणाऱ्यानं सांगितलं. त्याला डोक्याच्या गोळ्याही चालू आहेत.
— एक आई, आरमोरी तालुका

उत्तर : देऊ नका. बिनलेबलच्या पावडरीत काय आहे ते कुणीच सांगू शकत नाही. त्यात डायसल्फिराम हे दारू सोडवण्याचं औषध असेल तर दारू पोटात जाताच चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. यात माणूस दगावूही शकतो. ज्याला आपण औषधावर आहोत हेच ठाऊक नाही, तो दारूपासून लांब कशाला राहील? हे औषध माणसाला सांगून, त्याच्या संमतीने, यकृताची तपासणी करून आणि शेवटच्या घोटानंतर किमान १२ तास गेल्यावरच सुरू करतात. बंद केल्यावरही १४ दिवसांपर्यंत त्याचा परिणाम राहू शकतो. एवढंच काय, आसव-अरिष्टं आणि काही खोकल्याची औषधं यांतही अल्कोहोल असतं, त्यानेही हाच त्रास होऊ शकतो. मुलाला भास-संशयाचा आजार असेल तर डायसल्फिरामने तो बळावू शकतो. दारूची ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट अशी दुसरी औषधं आहेत. त्यातलं कोणतं चालेल ते मानसोपचारतज्ज्ञ ठरवतील.

तुमचा जिल्हा दारूबंदीचा, त्यामुळे मोहाची घेतो हे दवाखान्यात सांगायला पोरगा बिचकत असेल. डॉक्टर पोलिसांना कळवायला बसलेले नाहीत. किती ग्लास, कधीपासून, सकाळी उठल्याउठल्या लागते का, हे खरं सांगितलं तरच गोळीचा डोस बरोबर बसतो.

प्रश्न : रोज एक क्वार्टर, दहा वर्षं. गोळ्या सुरू झाल्या म्हणून उद्यापासून एकदम बंद करतो. चालेल का?
— एक वाचक, चिमूर तालुका

उत्तर : ठरवलंत ते चांगलं, पण एकट्याने आणि एकदम नको. ६ ते २४ तासांत थरथर सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत फिटचे झटके येऊ शकतात, दुसऱ्या ते चौथ्या दिवशी काहींना भास, बडबड, ताप असा जिवावरचा प्रकार होतो. सकाळी हात कापत असतील किंवा पूर्वी झटका आला असेल तर भरती होऊनच सोडा. अशक्तपणा आला म्हणून गावात ग्लुकोजची सलाईन लावून घेऊ नका. रोज पिणाऱ्याच्या शरीरात बी-१ जीवनसत्त्व कमी असतं आणि ते न देता ग्लुकोज दिलं तर मेंदूला इजा होऊ शकते. दारू सोडताना काही दिवस डायझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइड उतरत्या डोसने देतात. त्या दिवसांत पुन्हा घेतलीत तर वर दारव्ह्याच्या भगिनींना सांगितलेला श्वासाचा धोका तुम्हालाही आहे, म्हणून त्या गोळ्या घरातल्या दुसऱ्या कुणाच्या हाती द्या. कुठे जावं हे कळत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फुकट आणि मराठीत विचारता येतं.