ब्लॅकअर्थची कागदपत्रं चाळताना

ब्लॅकअर्थ पर्कशन ग्रुपवर काम करायचं ठरवलंस, फार आनंद झाला. १९७२ साली अमेरिकेत सुरू झालेला हा तालवाद्यवादकांचा गट. त्यातूनच १९७९ मध्ये पर्कशन ग्रुप सिनसिनाटी उभा राहिला. हा बदल ध्यानात ठेव, कारण एकाच वादकाचे कागद दोन्ही नावांखाली सापडू शकतात.

पहिल्याच दिवशी ध्वनिफितींकडे धावू नकोस. आधी वादकांनी वापरलेल्या, पेन्सिलच्या खुणांनी भरलेल्या स्वरलिपी बघ. अशा संगीतात छापील पानावर निम्मंच असतं. अमेरिकन संगीतकार जॉन केजची १९४१ ची 'थर्ड कन्स्ट्रक्शन' ही रचना घे: चार वादक, प्रत्येकापुढे पत्र्याचे पाच डबे, शिवाय एक शंखसुद्धा! आपल्याकडे देवघरात असतो तो शंख तिथे तालवाद्यांच्या मेळ्यात फुंकला जातो. पण डबे नेमके कुठले, कुठल्या काठीने वाजवले, मांडणी कशी होती, हे समासातल्या खुणेत किंवा रंगमंचाच्या कच्च्या आराखड्यातच मिळतं. म्हणून वाद्यांच्या याद्या, वाहतुकीच्या पावत्या, कार्यक्रमपत्रिका यांना रद्दी समजू नकोस. मला तर त्या पत्रव्यवहाराइतक्याच मोलाच्या वाटतात.

कागदांचा क्रम अजिबात बदलू नकोस. शेजारी कुठला कागद होता, हीही माहितीच असते.

आणि सत्तरच्या दशकातल्या काही फितींचा थर चिकट होतो. तशी फीत यंत्रावर चढवली तर तो खरवडून निघतो. डिजिटल प्रतच माग. नसेल, तर थांब.