‘नागपूरचा म्हणजे त्यांच्यातलाच ना?’

ओहायोत एम.एस. करणाऱ्या आपल्या नागपूरच्या एका मुलाचं पत्र आलंय. चांगलं लांबलचक आहे, त्यातलं थोडंच इथे देते.

“काकू, इथे मेसमध्ये कोणी गाव विचारलं आणि मी नागपूर सांगितलं की समोरच्या भारतीय मुलाचा चेहराच बदलतो. एकाने तोंडावर विचारलं, ‘नागपूरचा म्हणजे त्यांच्यातलाच ना?’ दुसऱ्याने तेच म्हणत खुशीत पाठ थोपटली. घरी फोन केला तर बाबा म्हणतात, ‘तिकडे जाऊन पार बदलून गेला तू.’ मागच्या महिन्यात फॅमिली ग्रुपवर बाबांच्या एका फॉरवर्डला मी उत्तर दिलं, तर मोठे काका ग्रुप सोडून गेले आणि आई रडून राहिली. इथे कॅम्पसवर सारखी निदर्शनं होतात. आम्हाला केंट स्टेट विद्यापीठात नेलं होतं. १९७० साली नॅशनल गार्डच्या गोळीबारात चार विद्यार्थी मेले, ती जागा पाहिली. तिथे उभं राहून वाटलं, सोमलवाड्याहून बर्डीला क्लासला जाण्यात माझी सगळी वर्षं गेली, मी काहीच पाहिलं नाही. आता इथल्या आंदोलनात उतरू का? की गप्प बसू?”

आधी मेसमधल्या त्या दोघांचं बघू. नागपूर म्हणजे एकच पत्ता, संघाचा, असं दोघांनीही धरून ठेवलंय. त्यांना दसऱ्याच्या दिवशी आपल्या गावात आणून उभं करायला पाहिजे. १९२५ च्या विजयादशमीला इथे संघ सुरू झाला, आणि १९५६ च्या विजयादशमीलाच, १४ ऑक्टोबरला, बाबासाहेबांनी लाखो लोकांसह इथेच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यामुळे दरवर्षी त्या दिवशी सकाळी रेशीमबागेत गणवेश आणि दीक्षाभूमीकडे पांढऱ्या कपड्यांतली माणसं, कडेवर लेकरं, हातात पिशव्या. दोन्ही जागा एकाच शहरात, ऑटोने जाण्याच्या अंतरावर. त्याच्याही आधी, १९२० साली, काँग्रेसने असहकाराचा ठराव पक्का केला तोही इथल्याच अधिवेशनात. ‘त्यांच्यातला’ म्हणजे यातल्या कोणातला, हे विचारणाऱ्यालाच विचार. तुला खुलासे देत बसायची गरज नाही. दसऱ्याला तुझ्या आजीच्या घरी काय व्हायचं, आपट्याची पानं द्यायला कोणाकोणाकडे जायचात, गर्दीमुळे कुठला रस्ता बंद असायचा, ते सांग. मेसमधला माणूस ते ऐकेल. वाद घालायला त्याला इंटरनेट आहेच.

आता ग्रुप. इथे मी शहाणपणा शिकवायला नको, कारण माझंच सांगण्यासारखं आहे. आमचे हे पुण्याचे, माझा मोठा भाऊ कट्टर विदर्भवादी. एका दिवाळीत फराळाच्या ताटावर नागपूर कराराचा विषय निघाला. १९५३ चा करार, महाराष्ट्रात येताना विदर्भाला दिलेली वचनं, कोणती पाळली, कोणती बुडवली. दादा म्हणाला फसवणूक, हे म्हणाले रडगाणं. मी मध्ये पडले आणि चुकीच्या क्षणी हसले. दादा चिवडा तसाच ठेवून उठला आणि पुढच्या दोन भाऊबीजा कोरड्या गेल्या. अबोला मिटला तो आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला, दवाखान्याच्या बाकावर, डबा कोणी आणायचा यावर बोलता बोलता. करारावर आजही दोघांचं जमत नाही.

तेव्हा ग्रुपवर उत्तर देणं बंद कर. तिथे पंचवीस जण बघत असतात, बाबांना माघार घेता येत नाही आणि तुलाही येत नाही. फॉरवर्ड खोटा असेल तर बाबांना एकट्याला फोन कर, तोही त्यांच्या सकाळच्या चहानंतर. मोठ्या काकांना मात्र आजच फोन लाव. ‘काका, माझं चुकलं’ एवढं म्हटल्याने तुझं मत बदलत नाही.

कॅम्पसचं थोडं रोखठोक सांगते, कारण इथे चूक महागात पडते. विद्यापीठात क्लिपबोर्ड घेऊन मुलं उभी असतात, ‘मतदार नोंदणी केली का?’ असं हसून विचारतात. तूही हसून पुढे जायचं. अमेरिकेचा नागरिक असल्याच्या चौकटीत चुकून जरी खूण केलीस तरी ते प्रकरण जन्मभर व्हिसाच्या मागे लागू शकतं. ड्रायव्हिंग लायसन्सच्या खिडकीवरही हाच प्रश्न येतो, तिथे घाईत सह्या करू नको. विद्यार्थी संघटनेच्या निवडणुकीत खुशाल मत दे. पण अमेरिकेच्या सरकारी निवडणुकीतल्या उमेदवाराला देणगी देऊ नको. प्रचाराचा टीशर्ट विकत घेतला तरी तो कायद्याने देणगीतच धरतात, आणि परक्या नागरिकाला ती मनाई आहे. (मला हे माझ्या भाचीने सांगितलं, तेव्हा तिच्या अंगावर तोच टीशर्ट होता. नशीब, मैत्रिणीचा होता.)

निदर्शनांचं म्हणशील तर सरकारी विद्यापीठात बोलण्याचा हक्क घटनेने दिलेला असतो, खाजगी विद्यापीठात त्यांचे आपले नियम. पण तू व्हिसावर आहेस. अटक झाली किंवा कॉलेजने निलंबित केलं तर नुसतं सेमिस्टर जात नाही, तिथे राहण्याचा आधारच डळमळतो. जून २०२५ पासून विद्यार्थी व्हिसाचा अर्ज करणाऱ्यांना सोशल मीडिया खाती सगळ्यांना दिसतील अशी उघडी ठेवायला सांगतात. डिसेंबरात घरी आलास आणि व्हिसाचा शिक्का संपलेला असला तर मुंबईच्या वकिलातीत रांग आहेच. मी भीती घालत नाहीये. सभा ऐक, वाद घाल, कॉलेजच्या पेपरात लिही. फक्त उतरायच्या आधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जाऊन सरळ विचार आणि मग ठरव. ठरवायचं तूच, मी नाही, बाबाही नाहीत.

इकडच्या मतदानासाठी फॉर्म ६अ आहे. शिक्षणासाठी परदेशी गेलेला भारतीय नागरिक पासपोर्टवरच्या पत्त्यावर मतदार म्हणून नोंदणी करू शकतो. मत मात्र मूळ पासपोर्ट घेऊन स्वतः केंद्रावर येऊनच द्यावं लागतं. टपालाने नाही, वडिलांच्या हातून तर नाहीच नाही.

आता ‘मी काहीच पाहिलं नाही’ याकडे येते, कारण पत्रातलं हेच वाक्य मला दोन दिवस सोडत नाहीये. सोमलवाड्याहून बर्डीला जाताना वर्धा रोडवर जो उड्डाणपूल लागायचा, त्याचं नाव काय? आठव. आपण सगळे त्याला बर्डीचा पूल म्हणून मोकळे होतो. त्याचं नाव आहे आदिवासी गोवारी शहीद उड्डाणपूल. २३ नोव्हेंबर १९९४ ला, विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनात, गोवारी समाजाचा मोर्चा आला होता. अनुसूचित जमातीत घ्या, एवढी मागणी. त्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसं गेली, बहुतेक बाया आणि लेकरं. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. केंट स्टेटच्या हिरवळीवर तू चार नावांपुढे मान खाली घालून उभा राहिलास, त्यात गैर काहीच नाही. पण या पुलावरून तू किती वेळा गेलास, गिअर बदलत, पेपर किती वाजता ते बघत?

मीही तशीच जाते, म्हणून विचारते.

डिसेंबरात येशील तेव्हा अधिवेशन बहुतेक चालू असेल. मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटला कठडे लागतील, आमदार निवासाकडचे रस्ते तुंबतील, आणि कुठल्या कुठल्या गावांतून भाकरी बांधून आलेली माणसं उन्हात बसलेली असतील. बाबांना सोबत ने. फॉरवर्डचा विषय काढू नको. १९९४ च्या त्या संध्याकाळी ते कुठे होते, एवढंच विचार. त्या वयाच्या नागपूरकराकडे याचं उत्तर असतं. मी बर्डीवरून घरी जायला बस शोधत होते. बस मिळाली नाही, म्हणून धंतोलीतून पायी निघाले. वाटेत एक बाई रस्त्याच्या कडेला बसली होती, तिच्या पायात एकच चप्पल होती. ती मला काहीतरी विचारत होती आणि मी घाईत होते.