मागचा टायर लवकर झिजतो. नवा कोणता घ्यावा आणि तो जास्त काळ कसा टिकवावा?

आपल्या मोटरसायकलचा मागचा टायर मधोमध सपाट होऊन अपेक्षेपेक्षा लवकर संपला आहे. आता जास्त टिकणारा टायर कोणता, एक माप रुंद घेतला तर चालेल का आणि पुढचाही सोबतच बदलावा का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते टायरचे आयुष्य कंपनीच्या नावापेक्षा हवेच्या दाबावर आणि तो टायर आपल्या वापराला साजेसा आहे की नाही यावर जास्त अवलंबून असते. शिवाय, निव्वळ टिकाऊपणा पाहून टायर घेणाऱ्याने हेही ध्यानात ठेवावे की कडक रबर उशिरा झिजते खरे, पण ओल्या रस्त्यावर ते सहसा पकड कमी देते.

मागच्या टायरचा मधला पट्टा आधी झिजणे हे सरळ आणि लांब रस्त्यावर बराच वेळ धावणाऱ्या गाडीचे लक्षण आहे, कारण इंजिनची सारी ओढ मागच्या चाकावर येते आणि सरळ चालताना तोच अरुंद पट्टा रस्त्याला टेकलेला असतो. हवा गरजेपेक्षा जास्त भरलेली असेल तर टेकणारा भाग आणखी लहान होतो आणि झीज वेगाने वाढते. असा सपाट झालेला टायर वळणावर त्रास देतो: गाडी आधी झुकायला नकार देते आणि सपाट भागाची कड ओलांडली की एकदम झुकते. आपला वापर मुख्यतः अशाच रस्त्यावर असेल, तर मध्यभागी कडक आणि दोन्ही कडांना मऊ अशी दुहेरी मिश्रणाची रचना असलेला, लांब प्रवासासाठी बनवलेला टायर पाहावा. शर्यतीच्या धर्तीचा मऊ टायर रोजच्या वापरात क्वचितच पुरेसा तापतो, त्यामुळे त्याची खरी पकड मिळत नाही आणि झीज मात्र पुरती होते. मातीच्या रस्त्यासाठीचे मोठ्या गाठींचे टायरही डांबरावर लवकर संपतात. वर्षातून एखाद्या वेळी कच्च्या वाटेने जाणाऱ्याला त्यांची गरज नसते.

आता टायरच्या कडेवरील आकडे पाहू. 140/70-17 66एच असे लिहिले असेल, तर रुंदी 140 मिलिमीटर, कडेची उंची त्याच्या 70 टक्के म्हणजे 98 मिलिमीटर आणि रिमचा व्यास 17 इंच असतो. 66 हा भाराचा निर्देशांक म्हणजे 300 किलो आणि एच म्हणजे ताशी 210 किलोमीटरपर्यंतची मर्यादा. मूळ टायरपेक्षा यातील कोणताही निर्देशांक खालचा घेऊ नये. व्यासाच्या आकड्याआधी आर असेल तर टायर रेडियल, म्हणजे आतील धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ गेलेला असतो, आडवी रेघ असेल तर आडव्यातिडव्या थरांचा, म्हणजेच बायस. गाडीच्या पुस्तिकेत स्पष्ट परवानगी नसेल तर एका चाकाला रेडियल आणि दुसऱ्याला बायस अशी जोडी लावू नये. डीओटी या अक्षरांच्या ओळीतील शेवटचे चार आकडे निर्मितीची तारीख सांगतात. 2324 म्हणजे 2024 सालचा 23वा आठवडा. दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेला टायर नवा दिसला तरी घेऊ नये.

रुंद टायरचा मोह मला फारसा पटत नाही. मूळ रिमवर रुंद टायर बसवला की त्याच्या कडा आत ओढल्या जातात, माथा अधिक टोकदार होतो आणि सरळ चालताना टेकणारा भाग वाढण्याऐवजी कमीही होऊ शकतो. गाडी वळायला जड होते आणि टायर चेनच्या आवरणाला घासण्याचा धोका असतो. पुस्तिकेत पर्यायी माप दिलेले नसेल तर मूळ मापच ठेवावे.

आता हवेविषयी, कारण खरी बचत येथेच आहे. दाब कमी असला की टायरची भिंत प्रत्येक फेऱ्यात जास्त दबते, आत उष्णता साठते, कडांकडील भाग झिजतो आणि पुढच्या टायरवर लाटांसारखे उंचसखल ठसे उमटतात. दाब नेहमी टायर थंड असताना, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी राहिल्यानंतर मोजावा. धावून तापलेल्या टायरचा दाब काही पीएसआयने (पीएसआय हे हवेचा दाब मोजण्याचे एकक) वाढलेला दिसतो. तो पाहून हवा काढून टाकणे ही फार सर्रास होणारी चूक आहे. तापमान सुमारे 10 अंश सेल्सिअसने उतरले की दाब साधारण एक ते दोन पीएसआय कमी होतो, म्हणून ऋतू बदलताना तो आवर्जून तपासावा. मागे माणूस किंवा सामान असेल तेव्हासाठी पुस्तिकेत वेगळा, बहुधा वाढीव दाब दिलेला असतो, तो पाळावा. टायरच्या कडेवर लिहिलेला कमाल दाब हा रोज भरायचा दाब नव्हे. नायट्रोजन भरावा का, असेही अनेक जण विचारतात. साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजनच असतो, तेव्हा स्वतःचे चांगले मापक घेऊन आठवड्याला दाब पाहणे त्याहून कितीतरी उपयुक्त आहे.

झटक्याने वेग घेणे आणि दरवेळी शेवटच्या क्षणी ब्रेक दाबणे यांनी रबर घासले जाते, हे वेगळे सांगायला नको. त्याहून दुर्लक्षित बाब म्हणजे चाकाची रेष: चेन ताणताना दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवल्या नाहीत तर चाक तिरके बसते आणि टायर एकाच बाजूने झिजतो. नवा टायर बसवताना बाणाची दिशा पाहावी, चाकाचे बॅलन्सिंग करून घ्यावे आणि ट्यूबलेस असेल तर व्हॉल्व्हही बदलावा. पहिले 100 ते 150 किलोमीटर सौम्यपणे चालवावे, कारण नव्या रबराचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो. चकाकी आणणारे पॉलिश रस्त्याला टेकणाऱ्या भागावर कधीही लावू नये. गाडी शक्यतो सावलीत उभी करावी.

पंक्चर मध्यभागात आणि लहान असेल तर टायर रिममधून काढून आतून पॅच बसवलेली दुरुस्ती करावी. बाहेरून खुपसलेली दोरी घरी पोहोचण्यापुरतीच समजावी. कडेच्या भिंतीला छिद्र पडले तर टायर बाद.

पुढचा टायर सोबत बदललाच पाहिजे असे नाही, कारण तो बहुधा मागच्यापेक्षा सावकाश झिजतो. खाचांच्या तळाशी झीज दाखवणारे लहान उंचवटे असतात. पृष्ठभाग त्यांच्या पातळीला आला की टायर संपला. ते अजून बरेच खोल असतील, रबराला भेगा नसतील आणि झीज सर्वत्र सारखी असेल तर पुढचा टायर राहू द्यावा. मात्र त्यावर लाटा उमटल्या असतील किंवा तो पाच वर्षांहून जुना होऊन कडक झाला असेल, तर खाचा शिल्लक असल्या तरी मी दोन्ही एकदमच बदलीन आणि त्याच उत्पादकाची एकत्र चालणारी जोडी घेईन.